भिंतीआडचे आरोग्य : बंदीजन, नाती आणि रोगप्रतिबंध
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले आणि चार-पाच महिन्यांतच तो रोग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगची लस सिद्ध करण्यात गढलेले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या कैद्यांपुढे लस ठेवण्यात आली. ज्याची इच्छा असेल त्याने पुढे यावे, एवढेच सांगण्यात आले. जवळजवळ निम्मे कैदी पुढे आले, उरलेले मागे राहिले. पुढील काही दिवसांत मागे राहिलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांत, टोचणीच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला ते वगळता, २ जण आजारी पडले आणि दोघेही वाचले.

बंदिवानाची संमती कितपत स्वेच्छेची असते, हा प्रश्न आज कोणीही विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यापुढे घडली. तुरुंगातील आकडे कितीही बोलके असले तरी शहरातील भयभीत माणूस केवळ आकड्यांवर आपला दंड पुढे करीत नाही. खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगा खान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांना तसे करण्यास सांगितले, आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. त्या समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. त्याच वर्षी पुण्यात मात्र सोजिरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या, त्यातून लोकक्षोभ उसळला आणि २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर चापेकरांनी गोळी झाडली. रोग एकच, हेतूही रोगनिवारणाचाच; परंतु एके ठिकाणी तो नात्यातून घरात आला आणि दुसरीकडे दंडुक्यातून.

खानदेशाला तुरुंगातल्या शब्दाचे सामर्थ्य निराळे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी ते जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि पुढे ती ग्रंथरूपाने भिंतीबाहेर जाऊन घराघरांत पोहोचली. प्रवचने ऐकणारे आणि ती लिहून घेणारे सहबंदीच होते. दिवसाचे चोवीस तास एकत्र काढणाऱ्या माणसांत कोणाचा शब्द मानावयाचा हे फार लवकर ठरते, आणि तो मान बहुधा गणवेशाला मिळत नाही.

आजच्या तुरुंगांतील चित्र याच जाणिवेने पाहावे लागेल. भारतातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी आहेत. त्यांचे येणे-जाणे अखंड चालू असते. दाटीच्या बराकीत खोकणाऱ्या एका माणसाचा क्षय शेजाऱ्याला लागण्यास वेळ लागत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत बंद्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण २ टक्क्यांच्या जवळपास आढळले. देशातील प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२ टक्के होते, म्हणजे तुरुंगात जवळजवळ दहापट. याचा अर्थ सर्वांना रोग तुरुंगातच जडला असा नव्हे. ज्या दारिद्र्यातून, स्थलांतरातून आणि व्यसनातून माणूस गजाआड येतो, तीच वाट रोगाचीही असते.

म्हणूनच बंद्यांपैकीच काहींना शिकवून त्यांच्याकडून इतरांना सांगण्याची पद्धत अनेक देशांनी स्वीकारली. भारतातील तुरुंगांमधील एचआयव्ही कार्यक्रमातही अशा बंदी-स्वयंसेवकांना स्थान आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २००९ पासून कैद्यांना हेपॅटायटिस-सी सारख्या रोगांचे प्रशिक्षण देऊन सहबंद्यांचे शिक्षक केले गेले. बाल्टिमोर शहरात व्यसनाधीन व्यक्तींना आपल्याच सोबत्यांशी एचआयव्हीविषयी बोलण्याचे शिक्षण देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की, जे सांगावयास शिकले त्यांच्या स्वतःच्या धोकादायक सवयीही कमी झाल्या. दुसऱ्याला सांगता सांगता माणूस स्वतःच्या शब्दाने बांधला जातो, हे शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही पटेल.

परंतु खरी कसोटी लागते ती सुटकेच्या दिवशी. वॉशिंग्टन राज्यातील तीस हजारांवर मुक्त बंद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण सामान्य नागरिकांच्या तुलनेत सुमारे तेरापट होते. तेथील मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक हे होते. सातपुड्यातील कारणे वेगळी असतील, पण तुटणारा धागा तोच आहे. जामिनाचा आदेश सायंकाळी येतो, माणूस घाईने बाहेर पडतो आणि क्षयाच्या सहा महिन्यांच्या औषधोपचारातले उरलेले महिने मागेच राहतात. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो, आणि तो पाड्यावरच्या लेकरांपर्यंत पोहोचतो.

१९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, दहांतील सुमारे सात माणसे आदिवासी आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरात घरे विखुरलेली असतात. बोली पावरी, भिली, मावची. प्रमाण मराठीतले भित्तिपत्रक तेथे भिंतीचीच शोभा वाढवते. मात्र कारभाऱ्याचा शब्द, मामाचा शब्द, आशाताईचा शब्द चालतो. होळीला गुजरातेतील ऊसतोडीवरून आणि बांधकामावरून माणसे परततात तेव्हा सारी नाती एका ठिकाणी येतात. सुटून आलेला माणूसही तेथेच भेटतो.

या नात्यांच्या जाळ्यात व्यापारीही आहे, याचा विसर पडतो. धडगाव, मोलगी, तळोद्याच्या आठवडे बाजारात ज्याच्या ओट्यावर उधारी चालते, त्याला गिऱ्हाइकाच्या घरचे दुखणे-खुपणे डॉक्टरच्या आधी कळते. सुटून आलेल्या माणसाला त्या ओट्यावर पूर्वीसारखे बसू दिले जाते की दुरूनच वाटेला लावले जाते, यावर तो आपला खोकला सांगेल की लपवील हे बऱ्याच अंशी ठरते. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ योजनेत व्यक्तीला वा संस्थेला क्षयरुग्णांच्या पोषणाचा भार उचलता येतो. ज्या विश्वस्त संस्थेकडे अन्नदानाची पन्नास वर्षांची घडी आहे, तिला धान्याची पिशवी रुग्णाच्या घरी पोहोचवणे जड जाऊ नये. त्या यादीत तुरुंगातून आलेला रुग्ण असेल तर त्याचे नाव खाली ढकलले जाऊ नये, एवढीच दक्षता हवी.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. ज्या वाटेने सल्ला पोहोचतो त्याच वाटेने कुजबुजही पोहोचते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आणि त्यानुसार रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. मदत करणाऱ्याला रोगाचे नाव ठाऊक असण्याची गरजही नसते. औषध वेळेवर घेतले का, तालुक्याच्या दवाखान्यात सोबत कोण जाणार, एवढे विचारता आले तरी पुष्कळ. दानशूरांच्या छायाचित्रात रुग्णाला उभे करण्याची प्रथा तर या बाबतीत टाकूनच द्यावी.

धुळ्याहून सुटलेला माणूस नंदुरबारच्या स्थानकावर धडगावच्या एस. टी. ची वाट पाहत असतो. त्याच्या पिशवीत निदान महिनाभराच्या गोळ्या असाव्यात, उपचाराचे कार्ड असावे, आणि पाड्याजवळच्या एका भरवशाच्या माणसाचे नाव असावे. गोळ्या आणि कार्ड तुरुंगाच्या दवाखान्यातून मिळू शकतात. ते नाव बराकीतल्याच एखाद्या पावरी बोलणाऱ्या सोबत्याने सुचवलेले असेल, तर त्या माणसाच्या दारापर्यंत तो जाण्याचा संभव अधिक.