जुन्या कार्ट्रिजला कल्हई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कनेरगाव नाक्यावरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बोलायची मला सवय आहे, सभेत नाही. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात एका विधवा भगिनीचा निराधार योजनेचा अर्ज मी छापून दिला. अक्षरे पुसट, वर काळे पट्टे. अर्ज परत आला. तिची हिंगोलीची फेरी आणि दिवसाची मजुरी बुडाली. दोष माझा. कार्ट्रिज रिकामी झाली तेव्हा स्वस्तात नुसती पूड भरून आणली होती.

मग या यंत्राची माहिती मिळविली. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया येथे विजेच्या भाराने कोरडी पूड चिकटवून पहिली नक्कल काढली. गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत त्याला लेसरची जोड देऊन १९७१ साली यंत्र चालते केले. किरण ड्रमवर अक्षर रेखतो, तेथे पूड चिकटते, कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. १९८४ साली टेबलावर मावणारे लेसरजेट आले. त्यात पूड व ड्रम एकाच डब्यात; पूड संपली की सगळा डबाच टाकायचा! म्हणून डबे दुरुस्त करणारे कारागीर पुढे आले.

कल्हईवाला आधी भांडे घासतो, मगच कथील फिरवितो. येथेही तसेच. डबा उघडून साठलेली वाया पूड काढावी, झिजलेला ड्रम व पुसणारी पट्टी बदलावी, नवी पूड भरावी आणि छापून पाहावे. मी घासणेच वगळले होते.

आपण विकत घेतलेल्या घागरीला कल्हई कोणाकडून लावावी, हे विकणाऱ्याने ठरवायचे काय? २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितले, की विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही.

पूड सांडली तर कोरड्या फडक्याने टिपावी. हात थंड पाण्याने धुवावेत, गरम पाण्याने ती चिकटते.

नीट दुरुस्त केलेल्या कार्ट्रिजवर तो अर्ज मी पुन्हा, विनामूल्य छापून दिला. बुडालेला दिवस मात्र मला परत देता आला नाही. म्हणून विनंती, की कागद हाती घेताच उजेडात धरून पाहा. पुसट असेल तर संकोच न करता परत करा, माझ्या दुकानातलाही.