चाकांच्या खुर्चीतील मातेचा परदेशप्रवास
(पुणे येथे केलेले भाषण)



छातीखाली शरीर लुळे झालेल्या, दोन मुलींची आई असलेल्या दीपा मलिक यांनी अहमदनगर येथे राहत असता खेळास आरंभ केला आणि २०१६ साली रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. पदकाचे वृत्त सर्वांनी वाचले. पण अशा खेळाडूचा प्रवास कसा होतो, हे कोण विचारतो? विमानाच्या दाराशी स्वतःची खुर्ची सोडावयाची. दुसऱ्या अरुंद खुर्चीतून आसनापर्यंत जावयाचे. शौचालयाची अडचण म्हणून पाणी बेताने प्यावयाचे. उतरल्यावर खुर्ची मोडकी निघाली, तर पायच गेले म्हणावयाचे! मुक्कामी न्हाणीघराचे दार खुर्चीहून अरुंद. आणि इकडे घरी मूल तापाने फणफणले, तर आईच्या जिवाची होणारी घालमेल मी काय सांगावी?

अशा प्रवाशास कोणी हात दिला की लोक त्यास उपकार म्हणतात. वकील या नात्याने मला हा शब्द मान्य नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमाने विमानतळ, रेल्वे स्थानके व बसथांबे येथे योग्य शौचालयादी सोयी करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. परदेशात हा कायदा चालत नाही, परंतु प्रवास तर येथूनच सुरू होतो. तेव्हा विनंतीअर्ज करू नका. कलम लिहून मागणी करा. विमानतळाची तक्रार दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे, एस. टी. स्थानकाची राज्य आयुक्तांकडे, आणि पोच घेतल्यावाचून परत येऊ नका.