काच आंधळी का होते?

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



मी शास्त्राचा पदवीधर नव्हे, तरी आज काचेविषयी बोलणार आहे. कारण काचेनेच मला एक धडा शिकविला.

पावसाळा संपल्यावर प्रयोगशाळेतील काचपट्ट्यांचा गठ्ठा सोडला, तो प्रत्येक पट्टीवर धुरकट थर! धुण्याचे काम ज्या मुलाकडे होते, त्याला मी सर्वांसमक्ष बोललो. बिचारा मान खाली घालून घासत राहिला. डाग जाईना. तेव्हा मी पुस्तके उघडली.

साधी काच वाळू, सोडा व चुना यांपासून बनते. दोन पट्ट्यांमध्ये अडकलेला ओलावा काचेतील सोडियम ओढून घेतो, अल्कधर्मी बनतो आणि मग काचेलाच खाऊ लागतो. म्हणून काचेच्या तक्त्यांमध्ये कागद घालून ते कोरड्या जागी ठेवतात.

दुसरा दोष उष्णतेचा. काचेचा रस लवकर थंड होतो, त्यामुळे अणूंना स्फटिकाप्रमाणे रांगेत बसायला सवड मिळत नाही. हीच काच सुमारे ७०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेत फार वेळ राहिली, तर स्फटिक धरू लागतात. ते बहुधा पृष्ठभागापासून, धूळ असेल तेथे आधी धरतात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो व काच पांढुरकी दिसते. बर्नरवर जुनी नळी वारंवार तापविली की ती खरबरीत होते, ती यामुळेच.

पण या दोषाचेही सोने झाले आहे. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७३९ साली काच जिप्सम व वाळूत पुरून तापविली आणि चिनी मातीसारखा पदार्थ मिळविला. १९५३ साली अमेरिकेत स्टुकी यांची भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली. काच पांढरी झाली, हातून निसटली, पण फुटली नाही! त्यातून काच-सिरॅमिकची भांडी निघाली. बिघडलेली वस्तू न पाहताच फेकली असती, तर?

मित्रांनो, त्या मुलाची मी भर वर्गात माफी मागितली. चूक त्याच्या धुण्यात नव्हती, आमच्या ठेवण्यात होती. आता तोच प्रत्येक पट्टी कागदात गुंडाळून ठेवतो. दोष दिसला की आधी कारण शोधावे. माणसाला बोल लावण्याची घाई करू नये.