पेटीचे तोंड कशाचे असावे?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पॅनेलच्या तुकड्याविषयी काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही हाताने काम करणाऱ्यांची गावे आहेत. येथली मुले घरी ॲम्प्लिफायर, चार्जर, पॉवर सप्लाय जोडतात. आतली जोडणी ती जिवापाड करतात आणि पेटीच्या तोंडाला मात्र सापडेल तो तुकडा लावतात. परंतु माणसाचा हात रोज त्या तोंडालाच लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालणे बंधनकारक केले. घरच्या पेटीकडे पाहायला मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तेथे मालक आपण आणि कामगारही आपणच!

तेव्हा पहिला प्रश्न असा की, पेटीत वीज कोठून येते? बाहेरच्या चांगल्या अडॅप्टरमधून बारा व्होल्ट येत असतील, तर निवड बरीचशी सोयीची आहे. पण घरातले २३० व्होल्ट थेट आत येत असतील, तर निवड जिवाची आहे.

ॲल्युमिनियमचा दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा उत्तम. तो कानशीला वश होतो, पावसाळ्यात लोखंडासारखा तांबेरत नाही, आणि अर्थिंगला जोडला की ॲम्प्लिफायरमधली घरघरही कमी करतो. मात्र आतली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर सगळे पॅनेल जिवंत होते. म्हणून तीन पिनांचा प्लग, फ्यूज, आणि अर्थिंगच्या तारेला स्वतंत्र बोल्ट हवाच. अनोडाइझ केलेल्या पत्र्यावरचा थर वीज वाहू देत नाही. बोल्टाखाली तो खरवडावा, दातेरी वायसर घालावा आणि मीटरने तपासावे. रंगाचेही तेच.

जुन्या चाळींतल्या लाकडी स्विचबोर्डावर जी तपकिरी हायलम शीट असे, ती बेकेलाइटच्या कुळातली. बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेला हा पदार्थ वीज अडवतो आणि उष्णतेने वितळत नाही. कडेला मात्र टवके उडतात. काचतंतूंची इपॉक्सी शीट त्याहून मजबूत, पण तिची धूळ फुफ्फुसाला वाईट. ती पाणी मारून कापावी, नाकातोंडाला मास्क बांधावा.

ॲक्रिलिक देखणे, पारदर्शक. ड्रिल सावकाश चालवून खाली लाकूड धरले नाही, तर ते तडकते. स्पिरिटने पुसले तर बारीक चिरा पडतात. शिवाय ते पेट घेते. तापणाऱ्या भागाजवळ लावू नये. प्लायवूड आपल्या दमट हवेत फुगते. ते बाजूच्या भिंतींना ठीक.

जाडीही पाहावी. व्हॉल्यूम कंट्रोलची मान आखूड असते; सहा मिलिमीटरच्या शीटमधून तिला नट बसायला आटे उरत नाहीत. तीन मिलिमीटर पुरे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. लेसरवाल्याकडे तुकडा न्याल, तेव्हा तो कशाचा आहे हे त्याला खरे सांगा. ॲक्रिलिक लेसरने कापतात. पीव्हीसी कापले तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो यंत्र गंजवतो आणि कारागिराची छाती जाळतो. आपल्या पेटीच्या शोभेची किंमत दुसऱ्याच्या श्वासाने का चुकवावी?

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. १९४९ साली ज्या निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तिने स्वतःच्या हातांनी बाजारपेठ उभी केली, हे त्या विनोदात राहून जाते. आपल्या पॅनेलवर परक्या नावाची गरज नाही. किती व्होल्ट, किती अँपिअरचा फ्यूज, चालू कोठे आणि बंद कोठे, एवढे स्वच्छ मराठीत वा सिंधीत कोरा. मग ती पेटी घरातल्या लहान मुलाच्या हाताशी ठेवण्याजोगी आहे का, हे स्वतःला विचारा. आणि उत्तर ‘होय’ आले, तरच तिचे बटण दाबा.