गोळी सोसत नाही म्हणजे काय?

रक्तदाबाची गोळी मध्येच का सोडली असं विचारलं, तर बहुतेकदा उत्तर येतं, ‘सोसली नाही.’ हे उत्तर खोटं नसतं, पण अपुरं असतं. माझं म्हणणं असं की, या औषधांचा गुण आणि त्रास बहुधा एकाच कामातून निघतात. ते काम समजलं तर त्रासावर उपायही सापडतो. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांचंच पाहा. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब कोसळतो, या निरीक्षणाच्या धाग्यावरून या गटातलं कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार करणारं एक विकर ही गोळी रोखते. पण तेच विकर ब्रॅडीकायनिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याची विल्हेवाटही लावत असतं. ते थांबलं की ब्रॅडीकायनिन साचतं, घसा खवखवतो, रात्री कोरडी ढास लागते. माणूस खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या करतो, ढास मात्र हटत नाही. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन या गोळ्या त्या विकराच्या वाटेला जात नाहीत, पुढची पायरी अडवतात. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की खोकला साधारणपणे काही आठवड्यांत जातो. ओठ, जीभ सुजली तर मात्र वाट पाहायची नाही, गोळी थांबवून तडक रुग्णालय गाठायचं.

रक्तदाबाच्याच अॅम्लोडिपिन या गोळीचंही तसंच. ती धमन्यांच्या बारीक फांद्या सैल करते, शिरा तितक्या सैल होत नाहीत. रक्त केशवाहिन्यांत जोराने येतं आणि पाणी बाहेर झिरपतं. सकाळी सहज चढलेली चप्पल संध्याकाळी रुतते, घोट्यावर मोज्याचा वळ उमटतो. ही सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही; डोस कमी केल्याने किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळीची जोड दिल्याने उतरते. अर्थात सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते, म्हणून निदान घरी करू नये.

यावर कोणी म्हणेल, त्रास खरा असेल तर गोळी सोडण्यात चूक काय? मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर हृदयाला अॅड्रिनलिनच्या माऱ्यापासून आडोसा देतो. तो आडोसा एका दिवसात काढला, तर धडधड उसळते आणि हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. दुसरा आक्षेप कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचा, की या गोळीने अंग दुखतं. काहींचं दुखतं, क्वचित स्नायूंना इजाही होते. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली आणि काही महिने काहीच दिलं नाही. स्टॅटिनने वाढलेल्या त्रासाच्या सुमारे ९० टक्के त्रास निर्गुण गोळीनेही वाढला. दुखणं खरंच होतं, त्याचा आरोप मात्र बऱ्याच अंशी चुकीच्या आरोपीवर होता. आणि ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात’ म्हणणाऱ्यांनी डिजिटॅलिस आठवावं. ते फॉक्सग्लव्ह या झाडाच्या पानांतलं औषध, आणि मात्रा जरा चुकली तर हृदयाची लय बिघडवणारं.

म्हणून विनंती एवढीच: त्रास झाला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कोणता त्रास, कधीपासून, हे कागदावर लिहा आणि गोळ्यांच्या सगळ्या पाकिटांसह तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.