सागरी गवताच्या पानातील नोंद



‘पान’ हा एकच शब्द मराठीने झाडालाही दिला आणि ग्रंथालाही. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या गवताच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ जुळून येतात. कारण हे पान वाचता येते. ज्या पाण्यात ते वाढले, त्याची श्रीमंती वा दारिद्र्य त्याच्या घटकद्रव्यांत उतरलेले असते.

सागरी गवत म्हणजे समुद्रशैवाल नव्हे. त्याला मुळे, खोड, फुले, बिया सर्व काही असते. जमिनीवरून पुन्हा समुद्रात शिरलेल्या सपुष्प वनस्पतींचा हा वंश. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळील चिखलातही त्याची ‘हॅलोफिला बेकारी’ ही इवलीशी जात आढळते.

वाळलेल्या पानाच्या वजनात साधारण एक तृतीयांश कर्ब असतो. नत्र आणि स्फुरद त्यामानाने अगदी थोडे. पण खरी कथा त्या थोड्यातच आहे. जगभरच्या नोंदी एकत्र करून कार्लोस दुआर्ते यांनी १९९० मध्ये असे दाखविले की, नत्र १.८ टक्के आणि स्फुरद ०.२ टक्के यांहून कमी भरले, तर वनस्पतीची उपासमार चालू असण्याचा संभव आहे. समुद्रातील सूक्ष्म तरंगत्या जीवांत कर्ब, नत्र व स्फुरद यांच्या अणूंचे प्रमाण १०६:१६:१ असते, हे रेडफील्ड यांच्या नावाने प्रसिद्धच आहे. तळाशी वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये ५५०:३०:१ असे प्रमाण काढले. तळ धरून प्रवाहाशी झुंजायचे तर देहाला सांगाडा हवा, आणि तो कर्बाचा असतो! नत्र-स्फुरदाचे प्रमाण तिसाच्या बरेच वर गेले तर स्फुरदाची टंचाई समजावी, खाली आले तर नत्राची.

हे वाचन मात्र सोपे नाही. पानावर चुनखडीची पुटे धरणारे जीव चिकटलेले असतात. ते खरवडले नाहीत तर कर्बाचा आकडा चुकतो. वनस्पती जुन्या पानांतील काही अन्नद्रव्ये परत ओढून घेते, म्हणून तुलना सारख्या वयाच्या पानांचीच करावी लागते. मग पाने वाळवून, दळून, त्या भुकटीचे पृथक्करण करतात. स्फुरदाची परीक्षा निळ्या रंगाची असते: रंग जितका गडद, तितके स्फुरद अधिक.

अमेरिकेतील फ्लोरिडा उपसागराचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे. तेथील तळ चुनखडीच्या गाळाचा, आणि हा गाळ स्फुरद बांधून ठेवतो. त्यामुळे पूर्वेकडील भागात ‘थॅलॅसिया’ या गवताची पाने स्फुरदाला वखवखलेली असतात. १९८० च्या दशकात संशोधकांनी उथळ पाण्यात खांब रोवले. त्यांवर पक्षी बसू लागले, विष्ठा खाली पडू लागली आणि स्फुरदाचे फुकटचे खत मिळून भोवतालचे गवत दाट झाले. इथवर सारे गोड वाटते. पण पुढे ‘हॅलोड्यूल’ या दुसऱ्या गवताने थॅलॅसियाला हुसकावून लावले. आणि पक्ष्यांचे खत थांबून दोन दशके लोटल्यावरही तो बदल तसाच राहिल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

गरिबीत संथपणे जगणाऱ्या या कुरणाला समृद्धीच घातक ठरते, हे शेतकऱ्याला पटणे कठीण; परंतु समुद्रात तसेच घडते. सांडपाण्यातून व शेतातील खतांतून अन्नद्रव्ये वाढली की शैवाल माजते, पाणी गढुळते आणि तळाचा उजेड हरपतो. एका क्षणी भरून घेतलेली पाण्याची बाटली त्या क्षणाचेच सांगते. पान मात्र कित्येक आठवड्यांचे सांगते. कुरण डोळ्यांदेखत विरळ होण्याआधीच नत्र-स्फुरदाचे प्रमाण तिसाकडे सरकू लागते.

आपल्या देशात हे जाणून घेणे निकडीचे आहे. पाल्कच्या उपसागरात तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र डुगाँग या सस्तन प्राण्यासाठी राखून ठेवले. हा प्राणी सागरी गवतावरच जगतो, आणि त्यातही ज्या पानांत तंतू कमी व नत्र अधिक, ती त्याला विशेष प्रिय. राखीव क्षेत्राची सीमा नकाशावर आखता येते. किनाऱ्यावरून येणारे सांडपाणी ती सीमा ओळखत नाही. ते तिथवर पोहोचले की नाही, याची पहिली खबर पानेच देतील, आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणची मूठभर पाने पुरतात.