हिरव्या जोडीला निळं पिल्लू



पिंजऱ्यात हिरव्या बजी पोपटांची जोडी…
आणि घरट्याच्या पेटीतून निळं पिल्लू बाहेर आलं!
शंका घेऊ नका. पिल्लू त्यांचंच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या माळरानातला मूळ बजी हिरवा.
त्याच्या पिसांत पिवळं रंगद्रव्य असतं.
पिसाची घडण मात्र निळा रंग दाखवते.
दोन्ही मिळून पक्षी हिरवा दिसतो.
पिवळं नाहीसं झालं, की उरतो निळा.

हा निळा गुण हिरव्या पक्ष्यात दडून राहतो.
आई आणि बाप, दोघांकडून आला, तरच दिसतो.
म्हणून नुसत्या पिसांवर जाऊ नका.
आईबापांची नोंद वहीत ठेवा.

आता लुटिनो.
अंगभर पिवळा… डोळे लाल.
नर लुटिनो आणि मादी साधी हिरवी असेल,
तर त्यांच्या सगळ्या मुली लुटिनो होतात.
मुलगे हिरवेच.
मला हे फार विलक्षण वाटतं.
अशा जोडीच्या पिल्लाचे लाल डोळे दिसले, की ती मादी!

एरवी नर-मादी ओळखायला चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा भाग पाहा.
वयात आलेल्या नराचा बहुधा निळा, मादीचा तपकिरी.
लुटिनो नराचा मात्र गुलाबीसरच राहतो.
पुन्हा सांगते… नुसत्या पिसांवर जाऊ नका.

जोडी लावताना पक्षी वर्षाचे तरी असू द्या.
मादीला समुद्रफेस द्या. कवचाला चुना लागतो.
अंडी एक दिवसाआड येतात.
साधारण 18 दिवसांनी पिल्लू अंड्यातून बाहेर येतं.
दोन वेळा पिल्लं झाली, की पेटी काढून घ्या.
पेटी तशीच राहिली, तर मादी अंडी घालतच राहते…
आणि झिजत जाते.